क्वार्टरबॅकला शिव्या घालायच्या आधी प्ले-कॉल बघा: एनएफएलची मॅच खोलात जाऊन कशी बघायची

जारेड गॉफ या क्वार्टरबॅकचे दोन सीझन शेजारी शेजारी ठेवून बघा. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडायची फेरी) पहिल्या नंबरवर रॅम्स टीमने त्याला घेतलं, त्या सीझनला तो सात मॅच स्टार्टर म्हणून खेळला आणि सातच्या सात हरला, ५ टचडाऊन, ७ इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास), पासर रेटिंग (पासिंगचा एकत्रित गुण) ६३.६. लोक तेव्हाच म्हणायला लागले होते की हा फुकट गेला. २०१७ मध्ये तोच पोरगा, तोच हात, आणि २८ टचडाऊन, ७ इंटरसेप्शन, रेटिंग १००.५. पॉइंट्स करण्यात रॅम्स २०१६ मध्ये अख्ख्या लीगमध्ये शेवटचे होते, २०१७ मध्ये थेट पहिले आले. मधल्या काळात झालं काय तर जेफ फिशर गेले आणि शॉन मॅकव्हे हेड कोच झाला, तेव्हा तो फक्त ३० वर्षांचा होता, आणि प्ले तो स्वतःच कॉल करायला लागला, म्हणजे प्रत्येक वेळी टीमने काय खेळायचं ते तोच ठरवायचा. आता हेही सांगायला हवं की त्याच वर्षी लेफ्ट टॅकलला (क्वार्टरबॅकला राखणाऱ्या लाईनमधली जागा) अँड्र्यू व्हिटवर्थ आला, रिसीव्हरमध्ये रॉबर्ट वूड्स, सॅमी वॉटकिन्स आणि रूकी कूपर कप आले, त्यामुळे सगळं श्रेय एका माणसाला देता येत नाही. पण त्या दोन सीझनच्या मॅच लागोपाठ बघितल्या तर गॉफला थ्रो करताना समोर जे चित्र दिसत होतं ते चित्रच बदललेलं होतं हे कळतं, आणि ते बदलणं हे प्ले-कॉलरचं काम.

मला हा विषय फार जवळचा आहे कारण मॅच बघताना आपण सगळे बॉलकडे बघतो, बॉल क्वार्टरबॅकच्या हातात असतो, म्हणून दोषही त्याच्यावर आणि कौतुकही त्याचंच. रिसीव्हरने कॅच सोडला तर रिसीव्हरला शिव्या. साईडलाईनवर लॅमिनेट केलेला मोठा कागद तोंडासमोर धरून उभा असलेला माणूस कुणाला दिसतच नाही. खाली जी पद्धत देतोय ती त्या माणसाचं काम ओळखायची आहे. भारतातून रविवारी रात्री साडेदहाला (नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला) जी पहिली मॅच लागते तिच्यावरच करून बघा, सगळ्या पायऱ्या एका रात्रीत जमणार नाहीत, एका मॅचला एक घ्या.

डाऊन म्हणजे काय, चार डाऊनमध्ये दहा यार्ड कसे काढायचे, एवढं माहीत आहे असं धरून चालतो.

पायरी १: आधी घड्याळ बघा, बॉल नंतर

एक प्ले संपला की ४० सेकंदांचं प्ले क्लॉक सुरू होतं. तेवढ्या वेळात कोचने कॉल ठरवायचा, क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर सांगायचा (ज्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो त्यावर मागे हिरवा ठिपका असतो, तो शोधा), क्वार्टरबॅकने तो लांबलचक कॉल हडलमध्ये बाकीच्या दहा जणांना म्हणून दाखवायचा, सगळ्यांनी जागा घ्यायच्या, मग त्याने डिफेन्स कसा उभा आहे ते बघायचं, गरज पडली तर बदलायचं, आणि मग स्नॅप, म्हणजे बॉल क्वार्टरबॅककडे येतो आणि प्ले सुरू होतो. रेडिओ १५ सेकंद उरले की बंद होतो. त्यानंतर क्वार्टरबॅक एकटा.

म्हणून टीव्हीवर खाली कोपऱ्यात प्ले क्लॉक दिसतं त्याकडे लक्ष ठेवा, आणि टीम हडल मोडून लाईनवर येते तेव्हा किती सेकंद उरलेत एवढंच बघा. १८-२० उरले असतील तर क्वार्टरबॅककडे विचार करायला वेळ आहे. ७-८ उरले असतील तर कॉल उशिरा आला, त्याला आता डिफेन्स वाचायला वेळ नाही, मोशन करायला (रिसीव्हरला आधीच हलवायला) वेळ नाही, आणि समोरचे डिफेन्सिव्ह लाईनमनही ओळखतात की आता स्नॅप होणारच, ते तयार बसतात. अशा वेळी सॅक झाला (क्वार्टरबॅक बॉलसकट मागेच पाडला गेला) की समालोचक म्हणतो क्वार्टरबॅकने बॉल फार वेळ धरला. खरी चूक बऱ्याचदा त्याच्या तीस सेकंद आधी झालेली असते.

मॅकव्हेने नेमकं याच गोष्टीचा फायदा उठवला होता. रॅम्स पटकन लाईनवर यायचे, १५ सेकंदांच्या बरंच आधी, म्हणजे रेडिओ चालू असतानाच डिफेन्स समोर उभा दिसायचा आणि मॅकव्हे गॉफला कानात सांगू शकायचा की कॉल बदल, तिकडे बघ. नियमात बसणारं आणि हुशारीचं. पण मग ३ फेब्रुवारी २०१९ ला अटलांटात सुपर बोल ५३ मध्ये (लीगची फायनल) पॅट्रियट्सनी काय केलं, तर रेडिओ बंद होईपर्यंत एक कव्हरेज (रिसीव्हरना राखायची रचना) दाखवत राहिले आणि नंतर बदलले. रॅम्सचे पहिले आठच्या आठ ड्राईव्ह पंटवर (बॉल लाथेने समोरच्यांकडे देणं) संपले, स्कोअर १३-३, सुपर बोलच्या इतिहासातला सगळ्यात कमी. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ब्रँडिन कुक्स एंड झोनमध्ये पूर्ण मोकळा होता, गॉफला तो दिसायला उशीर झाला, आणि तेवढ्यात जेसन मॅककॉर्टी धावत येऊन बॉल मारून गेला. हा थ्रो गॉफने लवकर करायला हवा होता यात शंका नाही. पण अख्खा सीझन ज्याला वाचून दाखवलं गेलं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा सगळं स्वतः वाचायचं होतं, हेही त्याच हिशोबात धरावं लागतं.

पायरी २: पहिल्या डाऊनला काय बोलावलं ते लिहून ठेवा

वही घ्या, किंवा फोनवर. प्रत्येक पहिल्या डाऊनला फक्त एक अक्षर, रन असेल तर र, पास असेल तर प, आणि पुढे किती यार्ड मिळाले. बस. एका हाफमध्ये चित्र दिसायला लागतं.

कारण असं की थर्ड डाऊनला क्वार्टरबॅकचं जे होतं ते पहिल्या डाऊनला ठरतं. सेकंड अँड फाईव्ह (दुसरा डाऊन, पाच यार्ड बाकी) असेल तर प्ले-कॉलर काहीही करू शकतो, रन, पास, प्ले-ॲक्शन (रन दाखवून पास), डिफेन्सला सगळ्यासाठी तयार राहावं लागतं. पहिल्या डाऊनला दरवेळी मधोमध रन मारून एक यार्ड मिळत असेल तर सेकंड अँड नाईन, मग थर्ड अँड एट, आणि थर्ड अँड एटला अख्ख्या स्टेडियमला माहीत असतं की पास येणार. पास रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारे) रनचा विचारच करत नाहीत, सेफ्टी (सगळ्यात मागचे डिफेन्डर) मागे सरकतात, रिसीव्हरला आठ-दहा यार्डांच्या रूट (पळायच्या ठरलेल्या वाटा) पळायलाच लागतात, म्हणजे बॉल सुटायला वेळ लागतो, म्हणजे पॉकेट, क्वार्टरबॅकभोवतीची लाईनमनची भिंत, टिकायला पाहिजे. मॅच संपल्यावर आकडा दिसतो की थर्ड डाऊनला १२ पैकी ३. आणि दोष कुणाला, क्वार्टरबॅकला.

रन करूच नये असं मी म्हणत नाही. रन कधी केला, समोर बॉक्समध्ये (लाईनजवळच्या मधल्या भागात) सहा जण होते की आठ, हे बघा. आठ जण उभे असताना हट्टाने रन मारणारा कोच आपल्याच क्वार्टरबॅकचं थर्ड डाऊन अवघड करून ठेवतो.

पायरी ३: रिसीव्हर कुठे उभे आहेत

इथे रिसीव्हरची बाजू सुरू होते. लोकांना वाटतं रिसीव्हर मोकळा होतो तो स्वतःच्या वेगाने. होतोही. पण कॉल चांगला असेल तर स्नॅपच्या आधीच त्याला दोन पावलं उसनी मिळालेली असतात.

आधी मोजा. ११ पर्सोनेल म्हणजे एक रनिंग बॅक, एक टाईट एंड (ब्लॉकही करतो, पासही घेतो) आणि उरलेले तीन वाईड रिसीव्हर, १२ म्हणजे एक बॅक, दोन टाईट एंड, दोन रिसीव्हर. पहिला आकडा बॅकचा, दुसरा टाईट एंडचा. मॅकव्हेचे रॅम्स जवळजवळ सगळे प्ले ११ मधूनच खेळायचे, त्यामुळे माणसं बघून डिफेन्सला काही सुगावाच लागायचा नाही, रन पण त्यातूनच, पास पण त्यातूनच.

मग अंतर बघा. मैदान ५३ यार्डांपेक्षा थोडं जास्त रुंद आहे. रिसीव्हर अगदी साईडलाईनला चिकटून उभा असेल तर त्याला बाहेरच्या बाजूला जागाच नाही, कॉर्नरबॅकला (बाहेरच्या रिसीव्हरला राखणारा डिफेन्डर) अर्धी मदत साईडलाईनच करते. तोच रिसीव्हर आत, टॅकलपासून चार-पाच यार्डांवर उभा केला तर त्याला दोन्हीकडे पळायला जागा, आणि शिवाय रनच्या वेळी तो ब्लॉकही करू शकतो. कूपर कप आणि रॉबर्ट वूड्स याच जागेवरून खेळून मोठे झाले. कप काही लीगमधला सगळ्यात वेगवान रिसीव्हर नव्हता, पण २०२१ मध्ये, तेव्हा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड होता, त्याने १४५ कॅच, १९४७ यार्ड, १६ टचडाऊन केले आणि तिन्हींत लीगमध्ये पहिला आला. त्याचं रूट पळणं अप्रतिम आहे, पण त्याला कुठे उभं केलं जायचं ते पण बघा.

दोन-तीन रिसीव्हर एकामागे एक किंवा घोळक्याने उभे असतील तर मागच्याला जॅम करणं (सुरुवातीलाच धक्का देऊन अडवणं) अवघड जातं, डिफेन्डरला पुढच्या माणसाच्या भोवतीने फिरून यावं लागतं. प्रेस कव्हरेज (रिसीव्हरच्या अगदी तोंडासमोर उभं राहणं) खेळणाऱ्या टीमविरुद्ध ज्याचे रिसीव्हर अंगाने हलके आहेत त्या कोचने हे वापरलं नाही तर मला खरंच राग येतो.

पायरी ४: स्नॅपच्या आधी कोण हललं

मोशन. एखादा रिसीव्हर स्नॅपच्या आधी एका बाजूने दुसऱ्या बाजूला पळत जातो. त्याच्याकडे बघू नका, त्याच्या समोरच्या डिफेन्डरकडे बघा. तो त्याच्या मागे मागे पळत गेला तर बहुतेक मॅन कव्हरेज (एकाला एक), नुसतेच सगळे थोडे थोडे सरकले तर बहुतेक झोन (प्रत्येकाने आपापली जागा राखायची). क्वार्टरबॅकला ही माहिती स्नॅपच्या आधी मिळाली म्हणजे पेपर फुटल्यासारखं आहे, त्याला पहिलं कुठे बघायचं ते ठरलेलं असतं. अर्थात चांगले डिफेन्स इथे पण फसवतात.

एका हाफमध्ये पासच्या प्लेंना मोशन किती वेळा वापरलं ते मोजा. तरुण क्वार्टरबॅक, आणि मोशन जवळपास नाहीच, सगळे रिसीव्हर जागच्या जागी पुतळ्यासारखे उभे, असं दिसलं तर त्या पोराला कोचकडून फारशी मदत मिळत नाहीये.

पायरी ५: रूट एकेकटा बघू नका, जोडीने बघा

ही सगळ्यात अवघड पायरी आणि सगळ्यात मजेची. टीव्हीचा कॅमेरा रिसीव्हरना स्नॅपनंतर सोडून देतो, त्यामुळे रिप्लेवर भरोसा ठेवा, किंवा ऑल-२२ फूटेज मिळालं तर उत्तम, त्यात वरून सगळे बावीस जण दिसतात.

रूटना नंबर असतात, ० ते ९, त्याला रूट ट्री म्हणतात, ९ म्हणजे सरळ खोल, ८ पोस्ट, ७ कॉर्नर, २ स्लँट (तिरपं आत). नंबर पाठ करण्यापेक्षा दोन रूट एका डिफेन्डरला कसं कोंडीत पकडतात ते बघा. समजा बाहेरचा रिसीव्हर पाच यार्डांवर थांबला आणि आतला त्याच्या डोक्यावरून कॉर्नरकडे गेला, हा स्मॅश. झोनमधल्या कॉर्नरबॅकने खालचा धरला तर वरचा मोकळा, वर गेला तर खालचा मोकळा. क्वार्टरबॅकला अख्खं मैदान वाचायचं नाहीये, एकच माणूस वाचायचा आहे. चांगला कॉल क्वार्टरबॅकचं काम एवढं छोटं करून देतो. वाईट कॉलमध्ये दोन रिसीव्हर एकमेकांच्या पाच यार्डांत येऊन उभे राहतात, एक डिफेन्डर दोघांना सांभाळतो, आणि क्वार्टरबॅक बिचारा पॉकेटमध्ये नाचत राहतो.

वेळेचा हिशोब पण इथेच. तीन पावलांच्या ड्रॉपवर (स्नॅपनंतर क्वार्टरबॅकचं मागे जाणं) स्लँट किंवा हिच, पाच पावलांवर आऊट किंवा कर्ल, सात पावलांवर खोल पोस्ट किंवा डिग. पाय आणि रूट जुळलेले असतात, क्वार्टरबॅकचा मागचा पाय टेकला की बॉल सुटायला पाहिजे, बऱ्याचदा रिसीव्हर वळायच्या आधीच. कोच बिल वॉल्श यांनी हे शास्त्र सिनसिनाटीत उभं केलं, तिथे ग्रेग कुक हा जबरदस्त हाताचा क्वार्टरबॅक खांद्याच्या दुखापतीने गेला आणि हाताशी राहिला व्हर्जिल कार्टर, ज्याचा थ्रो फार लांब जात नव्हता पण अचूक होता. वॉल्शनी त्याच्यासाठी छोटे, वेळेवरचे, आडवे पास रचले आणि १९७१ मध्ये पास पूर्ण करण्याच्या टक्केवारीत कार्टर लीगमध्ये पहिला आला. पुढे हेच घेऊन वॉल्श सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि तीन सुपर बोल जिंकले. क्वार्टरबॅकला जे जमतं त्याभोवती कॉल रचायचे, हा धडा तिथून चालत आलाय आणि अजूनही कितीतरी टीम उलटं करतात, सिस्टीम आधी आणि माणूस नंतर.

अजून एक. काही रूट ऑप्शन असतात, म्हणजे मॅन दिसलं तर रिसीव्हरने पळत राहायचं, झोन दिसलं तर रिकाम्या जागेत थांबायचं. क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर दोघांनी एकाच क्षणी एकच गोष्ट बघायला लागते. एकाने मॅन वाचलं, दुसऱ्याने झोन, तर बॉल थेट डिफेन्डरच्या हातात, आणि टीव्हीवर वाटतं की थ्रो करताना हा झोपला होता का. जवळपास एकही रिसीव्हर नसताना इंटरसेप्शन झालं तर लगेच मत बनवू नका, रिप्लेमध्ये रिसीव्हर थांबला की पळत राहिला ते बघा. नवीन रिसीव्हर, जुना क्वार्टरबॅक, सीझनची सुरुवात आणि कॉलशीटवर ऑप्शन रूटचा भरणा, हे मिश्रण कोचने टाळायला पाहिजे.

पायरी ६: किती जण पळाले, किती जण थांबले

ऑफेन्सिव्ह लाईन पाच जणांची. डिफेन्सने सहा जण सोडले आणि पाचही रिसीव्हर रूटवर गेले तर एक जण क्वार्टरबॅककडे मोकळा येणारच, त्याला कुणीच अडवू शकत नाही, इलाज फक्त पटकन सुटणारा पास. म्हणून एम्प्टी फॉर्मेशन दिसली (बॅकफिल्डमध्ये क्वार्टरबॅक एकटा) तर बघा की एखादा तरी रूट तीन-चार यार्डांत वळतोय का. सगळे खोल पळत असतील आणि सॅक झाला तर तो सॅक कॉलचा.

५ फेब्रुवारी २०१७, सुपर बोल ५१. फाल्कन्सची २८-३ ची आघाडी २८-२० वर आली होती, तरी हूलियो जोन्सने साईडलाईनवर तो अविश्वसनीय कॅच घेतला आणि बॉल पॅट्रियट्सच्या २२ यार्डांवर, पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलेला. तिथून फील्ड गोल मारला असता तर ११ पॉइंटची आघाडी, म्हणजे समोरच्यांना दोन स्कोअर लागले असते. पहिल्या डाऊनला रन, एक यार्ड गेला. दुसऱ्याला फाल्कन्सच्या ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर (प्ले ठरवणारा कोच) काईल शॅनहॅनने पास बोलावला, क्वार्टरबॅक मॅट रायन मागे गेला, ट्रे फ्लॉवर्सने १२ यार्ड मागे सॅक केलं, पुढच्या प्लेला होल्डिंगचा दंड, आणि बॉल फील्ड गोलच्या टप्प्याबाहेर. पंट. पॅट्रियट्स ओव्हरटाईममध्ये ३४-२८ जिंकले. रायनने बॉल फेकून द्यायला हवा होता, बरोबर. पण त्या जागी, त्या स्कोअरला, क्वार्टरबॅकला मागे जाऊन थांबावं लागेल असा कॉल मला आजही पटत नाही.

याच्या उलट बाजू २ फेब्रुवारी २०२० ला सुपर बोल ५४ मध्ये दिसली. चीफ्स २०-१० ने मागे, सात मिनिटं उरलेली, थर्ड अँड फिफ्टीन. मागच्या प्लेचा रिव्ह्यू चालू असताना क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सने स्वतः कोऑर्डिनेटर एरिक बिएनेमीला विचारलं की वास्प (एका प्लेचं नाव) चालवायला वेळ मिळेल का, वेळ म्हणजे पॉकेट तेवढा टिकेल का. हा रूट उमलायला वेळ लागतो हे क्वार्टरबॅकला माहीत होतं, कोचलाही, म्हणून महोम्स नेहमीपेक्षा बराच खोल मागे गेला, रिसीव्हर टायरीक हिल आत जातोय असं दाखवून बाहेर वळला, ४४ यार्ड, आणि मॅच ३१-२० ने फिरली. प्ले-कॉलर क्वार्टरबॅकचं ऐकतो का हे टीव्हीवर सहसा दिसत नाही पण टाईमआऊटला साईडलाईनवर कोण बोलतंय आणि कोण नुसतं ऐकतंय ते बघत जा.

प्ले-ॲक्शनचं थोडक्यात: रन दाखवून पास. लाईनबॅकर एक-दोन पावलं पुढे आले की त्यांच्या मागे रिकामी जागा, तिथे रिसीव्हर. त्यासाठी आधी रन जमलाच पाहिजे असं नाही, लाईनबॅकर रनची हालचाल बघून सवयीनेच पुढे येतात.

पायरी ७: रिसीव्हरचा हिशोब वेगळा मांडा

कॅच आणि यार्ड यांवरून रिसीव्हर कळत नाही. तीन गोष्टी बघा. बॉल त्याच्याकडे आला तेव्हा जवळच्या डिफेन्डरचं अंतर किती, तो पळता पळता कॅच घेतोय की थांबून वळून, आणि कॅचनंतर किती यार्ड. दरवेळी कॅच घेताना डिफेन्डर अंगावर असेल, दरवेळी उडी मारून दोन हातांच्या गर्दीतून बॉल काढायला लागत असेल तर लोक म्हणतात वा काय कॅच, पण रिसीव्हरला जागा करून देणारा कॉलच येत नाहीये हे त्याचं लक्षण असू शकतं. आणि ज्याच्याकडे बॉल आलाच नाही त्याने सेफ्टीला ओढून नेलं म्हणून दुसरा मोकळा झाला, त्याचा आकडा शून्य. हे काम अख्खी मॅच करणारा रिसीव्हर चौथ्या क्वार्टरला चिडलेला दिसला तर मला त्याचं काही चुकतंय असं वाटत नाही. चांगले प्ले-कॉलर हे ओळखून त्याला लवकर एखादा सोपा स्क्रीन (लाईनजवळचा छोटा पास) तरी देतात.

पायरी ८: गोल लाईनजवळ नियम बदलतात

मागे जागाच उरत नाही, खोल रूटची धमकी संपते, सगळे डिफेन्डर पुढे. १ फेब्रुवारी २०१५, सुपर बोल ४९, सीहॉक्स एक यार्डावर, सेकंड डाऊन, २६ सेकंद, एक टाईमआऊट, बॅकफिल्डमध्ये रनिंग बॅक मार्शॉन लिंच. पास बोलावला, रसेल विल्सनचा स्लँट रिकार्डो लॉकेटला, पॅट्रियट्सच्या माल्कम बटलरने मध्येच झेलला, पॅट्रियट्स २८-२४ ने जिंकले. जगभर ओरड झाली की रन का नाही. घड्याळाचा हिशोब मांडला तर एका टाईमआऊटमध्ये तीन रन बसवणं कठीणच होतं, एखादा पास लागणारच होता, त्यामुळे पास बोलावला यात मला चूक दिसत नाही. कुठला पास, हा माझा आक्षेप. पुढे उभ्या जर्मेन कर्सने बटलरची वाट अडवायची होती, पण त्याच्यासमोर ब्रँडन ब्राऊनरसारखा धिप्पाड कॉर्नर होता, त्याने कर्सला जागेवरच धरलं, आणि बटलरला सरळ रस्ता मिळाला. गर्दीत मधोमध, टायमिंगवर, एका ब्लॉकवर अवलंबून. विल्सनला पळत बाहेर काढलं असतं तर पास, रन, फेकून देणं, असे तीन पर्याय त्याच्या हातात राहिले असते.

पायरी ९: मॅचनंतर

आता वहीत पहिल्या डाऊनचा हिशोब आहे, मोशन मोजलंय, सॅक कशामुळे झाले त्याची नोंद आहे. प्रत्येक सॅक आणि इंटरसेप्शनपुढे एकच खूण करा, कॉल, क्वार्टरबॅक, रिसीव्हर की लाईन. नक्की कळलं नाही तर प्रश्नचिन्ह, त्यात कमीपणा नाही, प्लेबुक आपल्यासमोर नसतं. एका मॅचवरून कोचला काढा म्हणू नका, तीन-चार मॅच त्याच टीमच्या बघा, मग सवयी दिसतात.

आणि कोऑर्डिनेटर बदलला की वही परत कोरी करा. गॉफला रॅम्सनी डेट्रॉईटला पाठवलं तेव्हा पुन्हा तेच ऐकलं की संपला. तिथे बेन जॉन्सन २०२२ ला कोऑर्डिनेटर झाला आणि गॉफला जे आवडतं ते, प्ले-ॲक्शन, मधल्या भागातले पळते रूट, हे सगळं त्याच्यापुढे वाढून ठेवलं. ३० सप्टेंबर २०२४ ला सिॲटलविरुद्ध गॉफने १८ पैकी १८ पास पूर्ण केले, २९२ यार्ड, आणि त्याच मॅचमध्ये रिसीव्हर अमोन-रा सेंट ब्राऊनने थ्रो करून गॉफलाच टचडाऊन दिला. ती मॅच मिळाली तर पायरी ३ पासून पायरी ६ पर्यंत सगळं तिच्यावर करून बघा, आणि त्याआधी २०१६ मधली रॅम्सची कुठलीही एक.